जुने लोखंड, १ नग

जीपच्या मागच्या एक्सलच्या झाकणाचे दहा बोल्ट सुटले आणि तेलाबरोबर घमेल्यात पडला तो लाकडाचा भुसा. काळा, भिजून लगदा झालेला. मिस्त्रींनी चिमटीत धरून वास घेतला आणि माझ्याकडे न बघताच विचारलं, "दादा, एक्सल काय सुताराकडनं आणला व्हता?"

आणला होता जुन्या पार्टच्या दुकानातून. १८ हजार रुपये रोख मोजून, वर टेम्पोचं भाडं देऊन.

आमची महिंद्राची जुनी फोर बाय फोर, म्हणजे गरजेला चारही चाकांना जोर देणारी, जीप वडिलांनी शेतासाठी घेतली होती. रचना मूळच्या अमेरिकन विलीज जीपचीच. मागच्या डिफरन्सचं, म्हणजे एक्सलच्या मधल्या दातेरी चाकांच्या डब्याचं, सील गळत होतं, ते मी दोन पावसाळे नुसतं बघत बसलो. तेल संपलं, दात खाल्ले गेले, आवाज गल्लीच्या तोंडापासून घरात यायला लागला. ही चूक माझीच. मिस्त्री म्हणाले होते, हाऊसिंग, म्हणजे बाहेरचं कवच, चांगलंय, नवी क्राउन-पिनियनची, म्हणजे आतल्या मोठ्या-लहान दातेरी चाकांची, जोडी आणा, बसवून देतो. मला मात्र वाटलं, अख्खा एक्सलच जुना मिळाला तर एका दिवसात काम. यू-बोल्ट सोडायचे, ब्रेकचा पाइप आणि प्रोपेलर शाफ्ट सोडायचा, हा काढायचा, तो घालायचा.

रेशो जुळला पाहिजे एवढं मला माहीत होतं. क्राउनचे दात भागिले पिनियनचे दात, तो रेशो. माझ्या जीपला ४३ आणि ८, म्हणजे ५.३८. फोर बाय फोरमध्ये पुढचा आणि मागचा रेशो एकच लागतो. झाकणाच्या बोल्टखाली पत्र्याची छोटी पट्टी असते, तिच्यावर हे आकडे ठोकलेले असतात, हेही मी वाचून गेलो होतो. अर्धवट माहितीचा माणूस दुकानदाराला लांबून ओळखू येत असावा. मी वाकलो तसा तो म्हणाला, "बघा ना साहेब, पट्टी बघा. ४३-८. कालच चालू गाडीचा उतरवलाय." पट्टी होती. आकडेही बरोबर होते. एक्सलला ताजा काळा रंग दिला होता, तोही मला टापटिपीचा वाटला. झाकण उघडून दाखवा म्हटलं, तर "पॅकिंग फाटंल, मग तेल गळलं म्हणून तुम्हीच भांडायला याल." हात लावून फिरवला, लोण्यासारखा फिरला. फिरणारच! आत भुसा आणि ग्रीस ठासून भरल्यावर घासलेले दातसुद्धा गप्प बसतात. ही युक्ती फार जुनी आहे, पुढे मिस्त्रींनीच सांगितलं.

मिस्त्रींना बरोबर नेलं नव्हतं. त्यांचा अर्धा दिवस वाचवायला गेलो.

बसवल्यावर पहिला आठवडा मी खूश होतो. डांबरी रस्त्यावर इंजिन शांत, गाडी हलकी पळते. काटा ५० दाखवायचा तेव्हा मोबाइलवर ५५ दिसायचे, तेही मी काट्याच्या म्हातारपणावर ढकललं. पसरणी घाट चढताना मात्र जिथे दुसऱ्या गिअरवर निघायचो तिथे पहिला टाकावा लागला. तेव्हाच डोक्यात उजेड पडायला हवा होता. उतरताना मागून बारीक घुंऽऽ ऐकू यायला लागलं. भुसा दळला जात होता.

मग शेताच्या वाटेवर चिखल लागला म्हणून फोर बाय फोर टाकली. चिखलात चाकं घसरतात, त्यामुळे काही कळलं नाही. डांबरीवर आलो आणि सरळ रस्त्यावर गाडी स्वतःच ब्रेक लावल्यासारखी आखडली. फोर बाय फोरचा लिव्हर जागचा हलेना. रिव्हर्समध्ये थोडी मागे घेतली तेव्हा खट् आवाज करून सुटला. अजून शंभर फूट रेटली असती तर ट्रान्सफर केस, म्हणजे इंजिनचा जोर पुढच्या-मागच्या चाकांना वाटणारा डबा, गेला असता. तिथून थेट मिस्त्रींकडे.

भुसा काढून त्यांनी खडूची खूण केली आणि दात मोजले. क्राउनला ३९, पिनियनला ८. म्हणजे ४.८८. मागची चाकं पुढच्यांपेक्षा दहा टक्के जास्त पळू बघत होती, आणि मधे ओढाताण सोसत होता बिचारा ट्रान्सफर केस. पट्टी दुसऱ्याच एक्सलची, आणून बोल्टखाली अडकवलेली. एवढ्यावर भागलं नाही. क्राउन आणि पिनियन कारखान्यात एकमेकांवर घासून जोडीने तयार होतात, दोघांवर जुळणारा नंबर असतो. इथले नंबर वेगळे. दोन मोडक्या डिफरन्समधलं बरं-बरं उचलून एक संसार मांडला होता.

दुकानदार माझ्यावरच उलटला. "तुमच्या मिस्त्रीनंच आतला माल बदलला." माझ्याकडे ना फोटो, ना खूण. ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ वर फोन केला, त्यांनी बिलाबद्दल विचारलं. खिशातली चिठ्ठी तेव्हा प्रथम नीट वाचली: "जुने लोखंड, १ नग." जीप नाही, एक्सल नाही, रेशो नाही. ज्याला आपण चारशेवीस म्हणतो ते कलम आता ३१८ झालंय, पण लोखंड घेतलं आणि लोखंडच मिळालं, तर तक्रार कसली लिहिणार?

जुना एक्सल घ्यायचाच असेल तर पट्टी बघू नका. चाकाची एक बाजू घट्ट धरायला लावा, दुसरी पूर्ण दोन फेरे फिरवा आणि पिनियनचा फ्लँज, म्हणजे शाफ्ट जोडायची तबकडी, किती फिरला ते खडूच्या खुणेने मोजा. ५.३८ असेल तर सव्वापाचच्या थोडा पुढे जातो, ४.८८ असेल तर पाचाच्या आतच थांबतो. मग झाकण उघडायला लावा. पॅकिंग फाटलं तर त्याचे पैसे आपण द्यायचे. तेल बोटांवर चोळलं की घासलेल्या दातांची चकाकणारी कणी लगेच दिसते. दात आणि नंबर यांचा फोटो दुकानातच, दुकानदाराचा हात फोटोत येईल असा काढा. बिलावर गाडीचं मॉडेल आणि रेशो लिहून घ्या. लिहून देत नसेल तर टेम्पोवाल्याला फोन करू नका.

शेवटी ४३-८ची नवी जोडी आणून मिस्त्रींनी आमच्याच जुन्या हाऊसिंगमध्ये बसवली. विकतचा एक्सल दोन महिने अंगणात पडून होता. परवा भंगारवाल्याला किलोवर दिला, पण आधी क्राउन गॅसने मधोमध कापून घेतला. तो हळहळला. "अहो, असाच दिला असता तर डबल भाव दिला असता. याला गिऱ्हाईक आहे."