प्रिन्स्टन रिव्हर्ब, आठ महिने आणि मधे एक डोंबिवलीचा पावसाळा

फेब्रुवारीत आतेभाऊ न्यू जर्सीहून आला तेव्हा चेक-इन बॅगेत फेंडरचा सिल्व्हरफेस (चंदेरी पॅनेलवाला) प्रिन्स्टन रिव्हर्ब, म्हणजे जुना गिटार अ‍ॅम्प, घेऊन आला, त्यातल्या ट्यूबा (काचेचे व्हॉल्व्ह) काढून वेगळ्या, मोज्यांत गुंडाळून हँडबॅगेत. आत्याचं म्हणणं एकच, एवढ्या वजनात बदाम किती आले असते. असो. स्पीकरच्या कडेवर शिक्का होता 465418, त्यातला 465 म्हणजे ऑक्सफर्ड कंपनी, 4 म्हणजे 1974 आणि 18 म्हणजे त्या वर्षाचा अठरावा आठवडा. म्हणजे अ‍ॅम्प माझ्यापेक्षा चांगला दहा वर्षांनी मोठा.

पहिली गोष्ट करंटची, कारण इथेच लोक अ‍ॅम्प जाळतात. हा अमेरिकन, 117 व्होल्टचा, त्यामुळे व्होल्टेज उतरवणारा स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लागतोच. मी 300 व्हीएचा घेतला, 110 देणारा, आणि थोडं कमी व्होल्टेज मिळतं ते बरंच आहे, कारण 60 हर्ट्झवाला ट्रान्सफॉर्मर आपल्या 50 वर जरा जास्त तापतो. पण त्या डब्याला आउटपुटचा सॉकेट दोन पिनांचा निघाला, अर्थिंगच नाही! गिटारच्या तारांना हात लावून माइकला ओठ टेकवला आणि जी झिणझिणी आली ती अजून आठवते. डबा उघडून तीन पिनांचा सॉकेट लावला, अर्थ थेट भिंतीपर्यंत नेला. हे न करता कोणी वाजवू नका.

ओरिजिनल फिल्टर कंडेन्सर (आतला डीसी सपाट करणारे) तसेच ठेवावे असं मला वाटत होतं, जुन्याचा मान वगैरे. पण एका डब्यात चार कंडेन्सर असतात तो मोठा कॅन बुडाशी फुगलेला, म्हणून बदललाच. मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात सुटे कंडेन्सर हवे तेवढे, पण चार सेक्शनचा कॅन काही मिळाला नाही, तोही शेवटी भावाकडूनच मागवला. नंतर पहिल्यांदा चालू करताना इलेक्ट्रिशियन लोकांचा असतो तसा सिरीज बोर्ड केला, म्हणजे करंटच्या वाटेतच 100 वॅटचा पिवळा बल्ब लावून (एलईडीचा इथे उपयोग नाही, आणि पिवळा बल्ब शोधायला चार दुकानं फिरलो). बल्ब भपकन पेटला, मग मंद झाला, म्हणजे शॉर्ट नाही. आत 400 च्या वर व्होल्ट डीसी असतात आणि प्लग काढला तरी कंडेन्सरमधे राहू शकतात, तेव्हा आधी डिस्चार्ज, मग हात.

आवाज? सुरेख. साधारण 12 वॅट, व्हॉल्यूम तीनपर्यंत काचेसारखा क्लीन, पाचनंतर छान फाटतो, सहानंतर वरच्या मजल्यावरचे काका बेल वाजवतात.

एप्रिलमधे चरचर सुरू झाली. एका रिपेअरवाल्याने न ऐकताच सांगितलं पॉवर ट्यूबा गेल्या, 6व्ही6 ची नवी जोडी गळ्यात मारली, तिसऱ्या दिवशी चरचर परत हजर. मग डोकं चालवलं, व्हॉल्यूम शून्यावर नेला की चरचर बंद होतेय, म्हणजे गडबड व्हॉल्यूमच्या आधीच आहे, पॉवर ट्यूबांचा काय संबंध? चायनीजच्या पार्सलमधली लाकडी काडी घेऊन एकेक पार्ट ठोकत गेलो तर पहिल्या ट्यूबचा 100के रेझिस्टर कडाडला. दहा रुपयांच्या आतला पार्ट. ट्यूबांचे पैसे गेले ते गेले.

खरी परीक्षा जुलैत. सगळं नीट असताना एका रात्री खरखर, पॉट (व्हॉल्यूमचं बटण) फिरवला की खर्रर्र. फेंडरचा आतला काळा फायबर बोर्ड ओल धरतो हे वाचलं होतं, पटलं नव्हतं. मीटरचा एक प्रोब पत्र्याला, दुसरा बोर्डावर जिथे काहीही जोडलेलं नाही अशा कोऱ्या जागी (आणि दुसरा हात खिशात), तर आकडा 4 व्होल्ट! पुठ्ठ्यातून करंट चाललाय. बंद करून बायकोचा हेअर ड्रायर पंधरा मिनिटं फिरवला, आकडा पॉइंट दोनवर, खरखर गायब. दोन दिवसांनी पुन्हा तेच. मग नेम केला, एक दिवसाआड तासभर चालू ठेवायचा, वाजवला नाही तरी. यात ट्यूबा खाली लटकतात, त्यांची ऊब वर बोर्डाला लागते, त्यानेच तो सुकतो. मागे सिलिका जेलच्या पुड्या टाकल्या, ओल्या झाल्या की तव्यावर परतून परत. टोलेक्सवर (बाहेरच्या रेक्झिनसारख्या आवरणावर) बुरशी आली ती कोरड्या फडक्याने पुसली.

स्पीकरच्या कागदी कोनला बोटभर चीर होती, कॉफी फिल्टरचा तुकडा आणि पाणी घातलेला फेव्हिकॉल, दोन्ही बाजूंनी. टिकलंय.

भाऊ म्हणतो त्याच्याकडे हा अ‍ॅम्प दहा वर्षं पडून होता, एकदाही कुरकुरला नाही. अरे, तुझ्याकडे डोंबिवलीचा जुलै नाही ना! ऑक्टोबर सुरू झाल्यापासून तोच प्रोब, तीच जागा, मीटर शून्य. रिव्हर्बच्या टँकचा (आवाज घुमवणाऱ्या स्प्रिंगांच्या डब्याचा) एक सॉकेट तेवढा ढिला आहे, धक्का लागला की रिव्हर्ब जातो, तो दिवाळीच्या सुट्टीत बघतो.