विदर्भात बाईकवर फुकट मुक्काम: लपून तंबू ठोकावा की विचारून पथारी टाकावी?

नागपूर सोडून यवतमाळ, वाशीम किंवा गडचिरोलीकडे निघालं की उन्हं कलता कलता मुक्कामाचा विचार सुरू होतो. तालुक्याच्या गावी लॉज मिळतो. पण पैसे वाचवायचे असतील, किंवा उघड्यावर झोपायचीच हौस असेल, तर एक तर कुणाला न सांगता आडोशाला तंबू ठोकायचा, नाहीतर पेट्रोल पंप, ढाबा, देऊळ, शेत यांपैकी कुठंतरी विचारून जागा मिळवायची. समृद्धी महामार्गावर दुचाकीला बंदी आहे, त्यामुळे आपण जुन्याच रस्त्यांनी गावागावांतून जाणार आणि हे सगळे पर्याय वाटेत लागणारच.

माझं मत आधीच सांगून टाकतो: इथं लपायच्या भानगडीत पडू नका. कारणं जरा सविस्तर देतो, कारण परदेशातले लपून तंबू ठोकण्याचे व्हिडिओ पाहून येणाऱ्यांना हीच गोष्ट पटत नाही.

त्या व्हिडिओंत रात्री शेत ओसाड असतं. आपल्याकडे ते रात्रीच जागं असतं. कृषिपंपांना वीज पाळीपाळीनं मिळते. रात्रीची पाळी आली की गहू-हरभऱ्याला पाणी द्यायला माणूस अंधारात बांधावर हजर. पायात गमबूट, हातात काठी आणि टॉर्च, आणि खिशातल्या मोबाईलवर मोठ्या आवाजात गाणी, म्हणजे रानडुकरं आधीच पळावीत. डुकरं आणि रोही (नीलगाय) हाकलायला जागलीला येणारे वेगळेच. अशा माणसाला तुरीच्या आडोशाला तंबू आणि परजिल्ह्याच्या नंबरची गाडी दिसली, तर तो तुम्हाला पर्यटक समजेल हा भ्रम आहे. त्याच्या डोक्यात आधी मोटर, केबल आणि घरात न नेलेला कापूस येतो. तो गावात फोन लावतो आणि पंधरा मिनिटांत दहा माणसं तुमच्याभोवती उभी राहतात. बहुतेक वेळा चहावर निभावतं. पण २०१८ साली धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात पोरं पळवणारे समजून जमावानं पाच जणांना ठार मारलं होतं. ते विदर्भात घडलं नाही, तरी अफवा उठलेल्या आठवड्यात अनोळखी माणसानं लपून बसणं कुठंही वाईटच.

याहून मोठा धोका तारेचा. डुकरांपासून पीक वाचवायला काही जण कुंपणात थेट लाईनचा करंट सोडतात. हे बेकायदा आहे आणि यात माणसं मेली आहेत. सोलरवर चालणारं झटका मशीन वेगळं. ते थांबून थांबून झटका देतं, जीव घेण्यासाठी ते नसतं. पण अंधारात धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, तंबूची जागा शोधताना कोणती तार कसली, हे तुम्हाला कळणार नाही. ज्याचं शेत त्यालाच ते ठाऊक. न विचारता शेतात शिरू नये याला माझ्या लेखी एवढं एकच कारण पुरेसं आहे.

मग जंगल? ते तर नाहीच. ताडोबा, मेळघाट, पेंच, बोर, नवेगाव-नागझिरा या व्याघ्रप्रकल्पांत आणि अभयारण्यांत परवानगीशिवाय शिरणं हाच १९७२च्या वन्यजीव कायद्याखाली गुन्हा आहे, मुक्काम तर दूरच. राखीव जंगलाला १९२७चा वन कायदा लागू आहे. बरं, वाघ जंगलाची हद्द पाळत नाही. ब्रह्मपुरी, सिंदेवाही, पांढरकवडा या पट्ट्यात तो शेतशिवारातून फिरतो. "बुलढाण्यात कुठला वाघ" असं म्हणणाऱ्यांसाठी: यवतमाळ जिल्ह्यातल्या टिपेश्वर अभयारण्याचा कॉलर लावलेला एक वाघ २०१९ साली १,३०० किलोमीटरहून जास्त चालत ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला होता. मार्च-एप्रिलमध्ये पूर्व विदर्भात मोहफुलं वेचायला माणसं झुंजूमुंजू व्हायच्या आत मोहाखाली जातात आणि त्याच फुलांसाठी अस्वलंही येतात. मोहाचं झाड दिवसा कितीही छान दिसो, त्याखाली झोपू नका.

गडचिरोलीत तर नक्षलवादाच्या इतिहासामुळे लपून राहण्याचा विषयच काढू नका. सरळ पोलीस ठाण्यात किंवा पोलीस मदत केंद्रात जाऊन कुठून आलो, कुठं चाललो ते सांगा आणि ते म्हणतील तिथं थांबा.

लपून राहणं त्यातल्या त्यात जमतं ते पश्चिमेकडे, अकोला-बुलढाण्याच्या उघड्या माळावर, पिकं निघाल्यावर फेब्रुवारीत. ई-क्लासची, म्हणजे सरकारी गायरानाची, पडीक जमीन असते, तिथं सहसा कुणी हटकत नाही. मात्र अतिक्रमणाचा वाद चालू असेल तर तिथंही नजरा तिखट असतात. आणि बाभळीचा जो आडोसा तुम्हाला एकांताचा वाटतो, तोच पहाटे अर्ध्या गावाला वाटत असतो. टमरेल घेऊन माणसं आली की मुक्काम आपोआप आटोपतो.

विचारून थांबायचं ठरलं, तर एकट्यासाठी आणि उशीर झालेल्यासाठी मी पंप पहिला धरीन. हायवेवरचा रात्रभर चालू असणारा मोठा पंप घ्या. आतल्या गावांतले बरेच पंप रात्री बंद होतात. तिथं उजेड, कॅमेरा, पाणी, संडास सगळं असतं. आधी टाकी भरा, हेल्मेट काढा, मग मॅनेजरला विचारा. "कुठचे जी तुम्ही?" हा पहिला प्रश्न आणि बहुधा शेवटचाही. उत्तर सरळ दिलंत की तो हवेच्या मशीनमागची किंवा ऑफिसच्या बाजूची जागा दाखवतो. खाली सिमेंट असतं, खुंट्या ठोकता येत नाहीत, म्हणून स्वतःच्या दांड्यांवर उभा राहणारा तंबू किंवा नुसती चटई आणि मच्छरदाणी हवी. चहासाठी स्टोव्ह मात्र पेटवायचा नाही, हे सांगायला लागू नये. ट्रकांच्या इंजिनांनी झोप तुटक होते, एवढीच खरी तक्रार.

ढाब्यावर बाज मिळते, जेवण तिथंच करायचं हा न बोललेला करार. शेवभाजी-पोळी खा, मोबाईल चार्जिंगला लावा, बाजेच्या पायाशी गाडी लावा. झोप पंपापेक्षा बरी. पण दारूची मैफल बसणारा ढाबा असेल तर जेवून पुढं निघा.

देवळाचं गणित वेगळं आहे. गावोगावी मारुतीचा सभामंडप असतो, कुठं गुरुदेव सेवा मंडळाचं प्रार्थना मंदिर, कुठं बुद्धविहार. छप्पर पक्कं, जागा स्वच्छ. पण परवानगी पुजाऱ्याची नाही, गावाची लागते: सरपंच नाहीतर पोलीस पाटील. पोलीस पाटलाला नाव, गाव आणि गाडी नंबर सांगितला की पूर्ण गावाला सांगितल्यासारखं होतं, मग रात्री कुणी उठवत नाही. त्याची किंमत म्हणजे दहा वाजेपर्यंत गप्पा, गाडीचं अॅव्हरेज किती आणि लग्न झालं का, याची उत्तरं. पहाटे भोंगा वाजतो. ज्याला दिवसभराच्या प्रवासानंतर बोलवत नाही त्यानं पंपच गाठावा. जिल्हा परिषदेच्या शाळेचा व्हरांडा सुट्टीच्या दिवसांतच मागावा. शेगावसारख्या मोठ्या संस्थानांत भक्त निवास फुकट नसतो, पण स्वस्त असतो. बऱ्याच देवस्थानांत एकट्या माणसाला खोली देत नाहीत, तेव्हा जाण्याआधी चौकशी करा.

शेतात विचारून राहणं सगळ्यात सुखाचं, आणि मिळवायला सगळ्यात वेळखाऊ. दिवस मावळायच्या आत, मालक शेतात असतानाच विचारावं लागतं. वरूड, मोर्शी, काटोलकडच्या संत्र्याच्या बागेत तोडणीच्या दिवसांत राखणदार असतो. तो मालकाला फोन लावून देतो. जागा मिळाली की झटका मशीन कुठं आहे, आज लाईन रात्रीची आहे का आणि पाणी कुठल्या बाजूनं सोडणार, हे तीन प्रश्न विचाराच. नाहीतर मध्यरात्री तंबूखालून पाट वाहतो.

बाई एकटी असेल तर पंपापेक्षा मी पोलीस पाटलामार्फत कुटुंबाच्या घरची ओसरी सुचवीन. तिथं घरातल्या काकूंशी आधी बोलणं व्हावं, काकांशी नंतर.

ऋतू सगळे बेत उलटवतो. पावसाळ्यात काळ्या मातीच्या पांदणीत (शेतरस्त्यात) गाडी घालूच नका. चाक आणि मडगार्डच्या मधे माती भरते आणि चाक फिरेनासं होतं, सकाळी बैलजोडी शोधावी लागते. जून ते ऑक्टोबर पक्कं छप्परच पाहा. मण्यार रात्री झोपलेल्या माणसाला चावतो आणि चावल्याचं कित्येकदा कळतही नाही, म्हणून मच्छरदाणी चारही बाजूंनी अंथरुणाखाली खोचायची. चावल्याची शंका आली तरी १०८ला फोन आणि थेट ग्रामीण रुग्णालय. मे महिन्यात तंबूत भट्टी होते, तेव्हा ढाब्याची बाज. डिसेंबर-जानेवारीत गोंदिया-नागपूरकडे पारा दहाच्या खाली उतरतो. सिमेंटचा गारवा पाठीत चढतो, त्यामुळे पंपावर झोपायचं तर जाड मॅट सोबत ठेवा.