समोरच्या पात्राला ‘नाही’ म्हणता येते का? प्रौढांसाठीच्या प्रेमकथाप्रधान गेमचा काही महिन्यांचा अनुभव

गेल्या उन्हाळ्यात सोलापुरात मध्यरात्र झाली तरी भिंती निवत नव्हत्या. त्या दिवसांत वेळ घालवण्यासाठी सुरू केलेले प्रेमकथाप्रधान गेम मी अजूनही खेळते आहे आणि त्यांच्याविषयीचे माझे मत आता पक्के झाले आहे. तुमच्या प्रत्येक निवडीने कथा बदलते, असे बहुतेक जाहिरातींत सांगितलेले असते. परंतु निवडी किती आहेत यावरून गेम जोखण्यात अर्थ नाही. समोरचे पात्र आपल्याला नकार देऊ शकते का आणि त्या नकाराचा मान राखताना आपले काही खर्ची पडते का, हे पाहावे.

या कसोटीला लॅरियन स्टुडिओजचा ‘बाल्डर्स गेट ३’ (२०२३) सर्वांत चांगला उतरतो. त्यातील अ‍ॅस्टारियन हा रक्तपिपासू दोनशे वर्षे मालकाच्या हुकमावरून स्वतःच्या रूपाने माणसांना भुलवून आणत आलेला असतो. दुसऱ्या अंकात अराज नावाची स्त्री, त्याने आपल्याला चावावे, अशी गळ घालते आणि मोबदल्यात ताकद कायमची २ अंकांनी वाढवणारे औषध देऊ करते. त्याला त्या कल्पनेचीच किळस येते. त्याचे मन वळवले तर औषध मिळते. त्याची बाजू घेतली तर ते हातचे जाते. माझे पात्र कुऱ्हाड चालवणारे असल्यामुळे मला ते औषध खरोखरच हवे होते आणि मी बराच वेळ संवादाच्या त्या पडद्यावर अडून बसले होते. मी त्याची बाजू घेतली. पुढे त्याने आपणहून कबूल केले, की सुरुवातीची जवळीक त्याने स्वतःच्या संरक्षणासाठी, ठरवून साधली होती. हा कबुलीजबाब पटतो, कारण त्याआधी आपणही त्याचा वापर करू शकलो असतो.

‘द विचर ३’ (२०१५) आता जुना झाला, तरी त्यातील जादूगारीण येनेफर नायक गेराल्टशी स्वतःला बांधणारी जादूच आधी तोडून घेते आणि मगच उरलेल्या भावनेविषयी विचारते. ट्रिस आणि येनेफर या दोघींनाही प्रेमाची कबुली देणाऱ्या खेळाडूला त्या पलंगाला जखडून निघून जातात. आमच्या घरी यावर यजमान माझ्यापेक्षा जास्त हसले. याउलट भेटवस्तू दिली की हृदयाची पट्टी भरते आणि पट्टी भरली की शयनगृहाचे दार उघडते, अशा धाटणीचे गेम मी अर्ध्यावर सोडले.

त्या गेमचे लेखनही सपाट होते. आमच्या पूर्व भागातला दुकानदार गिऱ्हाइकाशी मराठीत बोलता बोलता आतल्या बायकोला तेलुगूत काही सांगतो, तेव्हा शब्द कळले नाहीत तरी बदललेल्या सुरावरून नाते कळते. या गेममधील नायिका पहिल्या भेटीत, भांडणात आणि एकांतात एकाच सुरात बोलतात.

छोट्या निर्मात्यांचे पुष्कळ गेम रेनपाय या मोफत इंजिनावर, म्हणजे गेम तयार करण्याच्या सॉफ्टवेअरवर, बनतात. टॉम रोथमेल यांनी २००४ मध्ये आणलेल्या या इंजिनात माउसचे चाक फिरवले की संवाद मागे जातो आणि घेतलेला निर्णय बदलता येतो. निर्मात्याने मनात आणले तर ही सोय रोखता येते, पण ती बहुधा तशीच सोडलेली आढळते. परिणामी बोचरे उत्तर देऊन समोरच्याचा चेहरा उतरलेला पाहायचा आणि लगेच मागे जाऊन गोड उत्तर निवडायचे, ही सवय लागते. मी चाकाला हात लावणे बंद केले, तेव्हा त्यांतल्या चांगल्या लिहिलेल्या गेममधील भांडणे मला प्रथमच लागू लागली.

‘फ्लॉरेन्स’ (२०१८) मध्ये तर निवड जवळजवळ नाहीच. पहिल्या भेटीत बोलण्याचा फुगा अनेक तुकडे जुळवून पूर्ण करावा लागतो, ओळख वाढते तसे तुकडे कमी होतात आणि भांडणात त्यांना टोके येतात. नायिका फ्लॉरेन्सचा प्रियकर क्रिश तिच्याकडे राहायला येतो, तेव्हा फळीवर त्याच्या वस्तूंना जागा करण्यासाठी तिच्या कोणत्या वस्तू खोक्यात घालायच्या, एवढे मात्र आपण ठरवतो.

नव्याने सुरुवात करणाऱ्यांनी हाच आधी घ्यावा. तो मोबाइलवर चालतो आणि तासाभरात संपतो. हप्त्याहप्त्याने येणारे गेम पूर्ण होईपर्यंत विकत घेऊ नयेत, कारण माझ्याकडचे दोन अजून अधांतरीच आहेत. ‘बाल्डर्स गेट ३’ साठी संगणकावर १५० जीबी जागा मोकळी ठेवावी लागते, आणि सासूबाई बाहेरच्या खोलीत असतील तर हेडफोनही लागतात.