पाच टक्के क्लिअरन्सची डाय: नऊ महिन्यांच्या वापरानंतर

पंपाच्या मोटरच्या स्टेटरसाठी (न फिरणाऱ्या भागासाठी) लागणारी स्टॅम्पिंग्ज, म्हणजे एकावर एक रचायच्या पत्र्याच्या चकत्या, आम्ही भोसरीतील आमच्या प्रेसशॉपमध्ये 0.50 मिलिमीटर जाडीच्या सीआरएनओ (मोटरसाठीच्या विद्युत पोलादाच्या) पत्र्यातून काढतो. जुन्या डायमध्ये, म्हणजे कापण्याच्या साच्यात, वरून येणारा पंच आणि खालची डाय यांच्यातील फट (क्लिअरन्स) एका बाजूला जाडीच्या दहा टक्के, म्हणजे 50 मायक्रॉन होती. नऊ महिन्यांपूर्वी कार्बाइडची (अतिशय कठीण मिश्रधातूची) नवी डाय करून घेताना आम्ही ती पाच टक्क्यांवर, म्हणजे 25 मायक्रॉनवर आणली.

फरक भिंगाखाली लगेच दिसतो. जुन्या स्टॅम्पिंगची वरची कड आत दबून गोलसर झालेली असे, तिच्याखाली अरुंद चकचकीत पट्टा, मग खरखरीत तुटलेला भाग आणि तळाशी नखाला अडकणारा बर, म्हणजे धातूची वर आलेली धारदार कड. नव्या डायमध्ये चकचकीत पट्टा रुंद झाला आणि बर बोटाला जाणवेनासा झाला. हा बर शेजारच्या स्टॅम्पिंगचे इन्सुलेशन फोडून दोन पत्रे जोडतो, त्यामुळे भोवरा प्रवाह (लोखंडात गोल फिरणारा नको असलेला विद्युत प्रवाह) वाढून चकत्यांचा कोअर तापतो. शिवाय ठरलेल्या उंचीच्या स्टॅकमध्ये (चकत्यांच्या थप्पीत) लोखंडही कमी भरते.

मात्र बर गेला म्हणजे कापण्याचा दोष संपला, असे मी मानत नाही. कापताना कडेजवळचा पत्रा ताणला जातो, तेवढ्या भागाची चुंबकीय पारगम्यता (चुंबकीय प्रवाह सहज वाहू देण्याची क्षमता) घटते आणि हिस्टेरिसिसचा व्यय, म्हणजे चुंबकत्वाची दिशा सतत उलटताना वाया जाणारी ऊर्जा, वाढतो. आमच्या स्टेटरचा दात (तारेच्या दोन खाचांमधला भाग) जेमतेम 4 मिलिमीटर रुंद आहे आणि तो दोन्ही बाजूंनी कापला जातो, त्यामुळे ही झळ त्यालाच सर्वाधिक बसते. सुमारे 750 अंश सेल्सिअसला अ‍ॅनीलिंग (तापवून सावकाश थंड करणे) केल्यास हा ताण बराचसा निघतो, बर मात्र तसाच राहतो.

तिसऱ्या महिन्यात दातांच्या एकाच बाजूला बर येऊ लागला. आम्ही डायच्या धारेला दोष देऊन विनाकारण एक ग्राइंडिंग (धार पुन्हा घासणे) वाया घालवले. खरे कारण पंचाला सरळ रेषेत ठेवणाऱ्या गाइड पिलरच्या झिजलेल्या बुशमध्ये होते: पंच सुमारे 10 मायक्रॉन सरकल्याने फट एकीकडे 15 आणि दुसरीकडे 35 झाली होती, आणि अरुंद बाजूच्या कडेवर दोनदा कातरल्याचे दोन चकचकीत पट्टे स्पष्ट दिसत होते. जुन्या डायने एवढी चूक सहज पोटात घातली असती. म्हणून ज्यांच्या प्रेसची स्लाइड (पंच वर-खाली नेणारा भाग) ढिली आहे, त्यांनी आधी प्रेस दुरुस्त करावा आणि मगच अशा डायवर पैसे घालावेत, असे मी आग्रहाने सांगेन.

याच डायवर 0.35 मिलिमीटर जाडीच्या पत्र्याचा कॉइल (गुंडाळी) चालवणेही मला पटत नाही, कारण तेव्हा तीच फट सात टक्क्यांच्या वर जाते. जाडी बदलली की क्लिअरन्स नव्याने ठरवावा लागतो, आणि तो आकडा खरेदीच्या ऑर्डरवर लेखी असावा.

आता आम्ही प्रेसचे स्ट्रोक (फटके) मोजून डाय ग्राइंडिंगला काढत नाही. दर पाळीत पहिले स्टॅम्पिंग मायक्रोमीटरखाली चार ठिकाणी तपासले जाते आणि बर 30 मायक्रॉनला पोचला की डाय उतरवली जाते.