विंडोस्वॉप : दुसऱ्याच्या खिडकीतून दिसणारे रोजचे जग

आजारपणामुळे खोलीबाहेर पडण्यास आणि कोणाला भेटण्यास मनाई झाली की माणसाच्या वाट्याला एकच खिडकी उरते, आणि तिच्यातून दिसणारे झाड कितीही आवडते असले तरी काही काळाने नजर त्याच्या पलीकडे जाण्यासाठी धडपडू लागते. अशा सक्तीच्या एकांतात मी विंडोस्वॉप हे संकेतस्थळ मनापासून वापरले.

सिंगापूरमध्ये राहणाऱ्या सोनाली रणजित आणि वैष्णव बालसुब्रमण्यम या दांपत्याने २०२० साली, करोनाच्या टाळेबंदीत, ते सुरू केले. बार्सिलोनातील एका मित्राच्या खिडकीतले दृश्य पाहून त्यांना ही कल्पना सुचली. लोक आपल्या खिडकीसमोर कॅमेरा स्थिर ठेवून सुमारे दहा मिनिटांचे चित्रण पाठवतात. आपण एक बटण दाबले की जगातील कोणतीतरी खिडकी उघडते आणि कोपऱ्यात पाठवणाऱ्याचे नाव व ठिकाण दिसते.

या चित्रणांत खिडकीची चौकटही दिसते, आणि माझ्या मते या सेवेचे खरे सामर्थ्य तिच्यातच आहे. नुसते बाहेरचे दृश्य असते, तर ते पर्यटनाच्या जाहिरातीसारखे वाटले असते. पण पडद्याची कड, काचेवरचा ओघळ, कठड्यावरची कुंडी आणि आतून ऐकू येणारी भांड्यांची खुडबुड यांमुळे आपण कोणाच्यातरी खोलीत उभे आहोत, अशी भावना होते. एका चित्रणात समोरच्या सज्जात एक बाई कपडे वाळत घालत होत्या. प्रत्येक कपडा झटकून, शिवणी जुळवून त्या दोरीवर टाकत. मध्येच हात थांबवून खाली रस्त्याकडे पाहत आणि पुन्हा कामाला लागत. एवढेच घडले, तरी मी शेवटपर्यंत जागचा हललो नाही. ज्याला कोणाच्याही दिनक्रमात स्थान उरलेले नाही, त्याला दुसऱ्याचा दिनक्रम पाहणे किती धीर देते, हे मला तेव्हा उमगले.

उणिवा मात्र आहेत. हे थेट प्रक्षेपण नव्हे, त्यामुळे स्वतःच्या खिडकीतून रोज ठरावीक वेळी जाणारा माणूस आज का दिसला नाही, अशी जी आपुलकीची काळजी वाटते, ती येथे निर्माण होत नाही. बहुतेक लोक देखणे दृश्य असलेली खिडकीच पाठवतात, हेही लगेच जाणवते. डोंगर आणि समुद्र भरपूर भेटतात, समोरच्या इमारतीची भिंत क्वचितच. शिवाय नवी खिडकी उघडण्याचे बटण इतके हाताशी आहे की एका दृश्यात मन रमण्याआधीच बोट पुढे सरकते आणि पाहणे संपून नुसते चाळणे सुरू होते. मांजर असलेल्या खिडक्यांना मात्र हा नियम लागू पडत नाही.

तरीही घरात कोणी दीर्घकाळ अंथरुणाला खिळून असेल, तर त्यांच्यासाठी ही सेवा मी निःसंकोच सुचवेन. फोनऐवजी मोठ्या पडद्यावर लावावी, एक खिडकी पूर्ण पाहून झाल्यावरच दुसरी उघडावी आणि आवाज बंद ठेवू नये, कारण दूरवरून जाणारे वाहन किंवा कोणाची अस्पष्ट हाक ऐकू आली नाही, तर या खिडक्यांतले निम्मे जग बाहेरच राहते.