ऑगस्टमधले पफिन आणि आमचे १६८ पौंड

आई-बाबा देवगडहून सहा आठवड्यांसाठी आमच्याकडे इंग्लंडमध्ये लीड्सला आले होते. बाबांचा अख्खा जन्म समुद्राकाठी गेला, त्यामुळे इथला समुद्र त्यांना दाखवायचाच, हे मी ते यायच्या आधीपासून ठरवलं होतं. नॉर्थम्बरलंडच्या सीहाउसेस बंदरातून फार्न बेटांकडे बोटी जातात. तिथले पक्षी आणि सील बघायला लोक कुठून कुठून येतात.

ऑगस्टच्या तिसऱ्या शनिवारची तिकिटं शोधताना फेसबुकवर एक जाहिरात दिसली. हाताच्या अंतरावर पफिन (रंगीत चोचीचे समुद्रपक्षी), पांढऱ्याशुभ्र लवीची सीलची पिल्लं, इनर फार्न बेटावर दोन तास उतरायला मिळणार, सगळं मिळून माणशी ४२ पौंड. टर्न पक्षी डोक्यावर चोच मारतात, टोपी आणा, असंही लिहिलेलं. मी लगेच आईसाठी टोपी घेतली. मेसेज केला तर पाच मिनिटांत उत्तर: चारच जागा उरल्यात, कार्ड चालत नाही, बँकेत पाठवा. पैसे पाठवताना बँकेच्या ॲपने इशारा दिला की खात्यावरचं नाव जुळत नाही. मी विचारलं, तर म्हणे, ते आमच्या हिशेबनीसाचं खातं. तिथे मी थांबायला हवं होतं. पण जागा जातील या भीतीने चौघांचे १६८ पौंड पाठवून मोकळी झाले.

बंदरावर बोटवाल्यांच्या तिकिटांच्या टपऱ्या ओळीने आहेत. आमचा छापलेला कागद मी पहिल्याच टपरीत दिला. आतल्या बाईंनी तो दोनदा वाचला, पिल्लाच्या फोटोवर बोट ठेवलं आणि आवाज खाली आणून म्हणाल्या, "हे पिल्लू नोव्हेंबरातलं आहे. आणि पफिन तर कधीच गेले." कागदावरच्या नावाची बोटच बंदरात नव्हती.

मग त्यांनी नीट समजावून सांगितलं. पफिन एप्रिलच्या सुमारास येतात, बिळात एकच अंडं घालतात आणि जुलै संपेपर्यंत खुल्या समुद्रात निघून जातात. डोक्यावर चोच मारणारे टर्नही घरटी असतात तोवरच, मे ते जुलै. करडे सील बारा महिने दिसतात, पण त्यांची पिल्लं जन्मतात शरद ऋतूत, ऑक्टोबरअखेरीपासून पुढे, आणि ती पांढरी लव दोन-तीन आठवड्यांत झडते. म्हणजे एका तिकिटात दोन वेगवेगळे हंगाम विकले होते. शिवाय बेटावर उतरायचं शुल्क नॅशनल ट्रस्ट, म्हणजे बेटं सांभाळणारी संस्था, बोटीच्या भाड्याहून वेगळं घेतं, हेही मला माहीत नव्हतं.

बाबा सगळं ऐकत होते. एवढंच म्हणाले, "भर पावसात तारकर्लीला डॉल्फिन दाखवतो असं कोणी म्हणालं असतं, तर तू पैसे दिले असतेस का?" नसतेच दिले. तिथले हंगाम मला लहानपणापासून ठाऊक आहेत. इथले विचारून घ्यावेत, हे सुचलंच नाही. आई टोपी हातात धरून उभी होती, ती तिने दिवसभर घातली नाही.

त्याच टपरीवर दुपारच्या बोटीची, बेटावर न उतरणारी, चार तिकिटं मिळाली. खडकांवर पसरलेले सील आमच्याकडे मान वळवून बघत होते, बाबांनी कठड्यावरचा हात शेवटपर्यंत सोडला नाही.

संध्याकाळी घरी पोचल्यावर १५९ वर फोन केला. या नंबरावरून बहुतेक बँकांचा फसवणूक विभाग जोडून मिळतो. ७ ऑक्टोबर २०२४ पासून ब्रिटनमध्ये असा नियम आहे की फसवून बँक ट्रान्सफर करून घेतलं असेल, तर बहुतेक प्रकरणांत बँकेला भरपाई द्यावी लागते. तक्रार १३ महिन्यांच्या आत करायची. मात्र त्यातून १०० पौंडांपर्यंत रक्कम बँक कापू शकते, आणि आमच्या बँकेने ती पूर्ण कापली. हातात ६८ पौंड आले. इतक्या छोट्या रकमा मागण्यामागे त्या माणसाचा हाच हिशेब असावा, असं मला वाटतं.

तक्रारीनंतर ते पान गायब झालं. दोन आठवड्यांनी दुसऱ्या नावाने परत आलं, फोटो तोच: डावीकडे पफिन, उजवीकडे पांढरं पिल्लू, खाली सप्टेंबरची तारीख. नातेवाईक येणार म्हणून तुम्ही तिकिटं शोधत असाल आणि हा जोडफोटो समोर आला, तर पैसे पाठवू नका, आधी बंदरावरच्या टपरीत फोन करा.