यहूदाच्या पत्रावरची छोटी अभ्यासपुस्तिका: ४ स्टार

बायबलच्या नव्या करारात, प्रकटीकरण या शेवटच्या पुस्तकाच्या अगदी आधी यहूदाचं पत्र येतं, एकच अध्याय, २५ वचनं, त्यामुळे बरेच जण न थांबता पुढेच जातात. म्हणून फक्त याच पत्रावरची पुस्तिका दिसली तशी लगेच घेतली, आणि पैसे वसूल झाले हे नक्की.

११व्या वचनात यहूदा काइन, बलाम आणि कोरह अशी तीन नावं एका दमात घेऊन मोकळा होतो. त्याच्या वाचकांना या गोष्टी तोंडपाठ असणार, आपल्याला कुठे असतात? इथे तिघांचे जुन्या करारातले उतारे पूर्ण छापलेत, म्हणजे एकाने भावाचा जीव घेतला, दुसरा पैशाला भुलला, तिसरा मोशेवर उलटला, आणि मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, गुपचूप शिरलेल्या खोट्या शिक्षकांत यहूदाला हे सगळंच कसं दिसतंय ते बरोबर लक्षात येतं. सगळ्यात भारी पान म्हणजे २ पेत्र (पेत्राचं दुसरं पत्र) अध्याय २ आणि यहूदा शेजारी शेजारी दिलेत ते. पेत्राच्या पत्रात कोरडे झरे आहेत, यहूदाकडे पाऊस न देणारे ढग, मुळासकट उपटलेली झाडं, भटके तारे, एकावर एक नुसता मारा! हनोखाच्या ग्रंथातला, म्हणजे बहुतेक बायबलांत नसलेल्या एका जुन्या यहुदी ग्रंथातला उतारा यहूदा घेतो, तो मात्र पेत्रात नाही. त्यावरही पुस्तिका सरळ बोलते, उगाच सारवासारव नाही, हे मला फार आवडलं.

एक स्टार कापला तो २२ आणि २३ या वचनांसाठी. खोट्या शिक्षकांवर पानंच्या पानं लिहिलीत आणि या दोन वचनांना जेमतेम दोन ओळी. अहो, एवढं कडक लिहिणारा माणूस इथे सांगतोय की जे संशयात पडलेत त्यांच्यावर दया करा, काहींना आगीतून ओढून काढा. म्हणजे फसवणारा वेगळा आणि फसलेला वेगळा, आणि फसलेला तर बहुतेक वेळा आपल्याच घरातला, आपल्याच बाकावर शेजारी बसणारा असतो, त्याच्याशी बोलायचं कसं हेच तर लोकांना हवं असतं ना? ते नसेल तर हे पत्र वाचून माणसं फक्त एकमेकांवर संशय घ्यायला शिकतील, याची मला खरंच काळजी वाटते.

गटात वापरणार असाल तर जरूर घ्या, पण १७ ते २३ या वचनांसाठी एक वेगळी बैठक ठेवा आणि तेव्हा पुस्तिका बाजूला ठेवून नुसतं पत्रच वाचा.